दस्त्यात मावणारी बंदूक

ज्या बंदुकीविषयी येथे चार शब्द सांगावयाचे आम्ही योजिले आहे, ती उमरखेडात कोणाच्या घरी असेल असे आम्हांस वाटत नाही; आणि कायद्याची घडी पाहता ती सहजासहजी कोणाच्या घरी येईल असेही नाही. मग वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, वस्तू गावात नसली तरी तिची इच्छा गावात येऊन पोहोचली आहे. मोबाइलच्या पडद्यावर हल्ली साऱ्या जगाचे दुकान मांडलेले असते. आमच्या युनियनच्या कचेरीत शेतमजूर येतात, तसे अडीच-तीन एकरांचे शेतकरीही येतात. बंदी भागातल्या अशाच एका तरुणाने आम्हांस एक चित्र दाखविले. बंदुकीचे तीन तुकडे, आणि ते तिन्ही तिच्याच दस्त्याच्या पोटात बसलेले! तो म्हणाला, "काका, हे बंदूक आपल्याले भेटन का? पिशवीत टाकली का चाललो जागलीले." त्याची तूर रानडुकरांनी दोनदा लोळविली होती. अशा माणसाला होय-नाहीत उत्तर देऊन वाटेला लावणे बरे दिसले नसते. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच, बाकीचे वाचनालयाने केले. त्याच वाटेने या बंदुकीची जी माहिती मिळाली ती येथे मांडीत आहोत.

प्रथम वस्तू समजून घेऊ. कोणत्याही बंदुकीचे मुख्य अवयव तीन. नळी, जिच्यातून गोळी धावते. कळ, म्हणजे चाप, घोडा आणि काडतूस पेटविणारी टाचणी यांचे यंत्र. आणि दस्ता, जो खांद्याला टेकवावयाचा. हे अवयव सुटे करता येणे यात नवे काही नाही. आपल्याकडील जुन्या देशमुख-पाटलांच्या वाड्यांत जी बारा बोअरची दुनळी असे, तीही खटका दाबला की सुटी होई, आणि बकऱ्याच्या मांडीच्या आकाराच्या चामडी पेटीत तिचे तुकडे ठेवीत. (बारा बोअर म्हणजे काय हे पुष्कळांस ठाऊक नसते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी.) परंतु दुनळी सुटी होते ती वाहून नेण्याच्या सोयीसाठी. आपली ही बंदूक सुटी होते ती लपून राहण्यासाठी, जागा वाचविण्यासाठी. आणि तसे का, हे तिच्या जन्मकथेवरूनच कळते.

ही बंदूक वैमानिकासाठी जन्मली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेची विमाने उत्तर ध्रुवाकडच्या निर्मनुष्य बर्फाळ मुलखावरून जाऊ लागली. विमान पडले आणि वैमानिक छत्रीच्या आधाराने जिवंत उतरला, तर मदत येईपर्यंत त्याने खावे काय? म्हणून आसनाखालच्या पेटीत मावेल अशी बंदूक हवी झाली. १९४९ साली एम-४ नावाची एक आली. तिच्यानंतरच्या एम-६ ला दोन नळ्या होत्या: वरची गोळीची, खालची छर्ऱ्याची, आणि ती मधोमध दुमडत असे. तिला चापाऐवजी एक रुंद पट्टी लावली होती, कारण थंडीने काकडलेल्या, हातमोजे घातलेल्या हाताचे बोट चापात शिरत नाही. यंत्र करणाऱ्याने माणसाचा हात कसा डोळ्यांपुढे ठेवावा, याचा हा नमुना आम्हांस फार आवडला. गिरण्या-कारखान्यांतील यंत्रे करणाऱ्यांनी कामगाराच्या हाताचा एवढा विचार केला असता, तर आमच्यासारख्यांचे निम्मे काम कमी झाले असते. असो.

पुढे आर्मालाइट नावाच्या कंपनीत यूजीन स्टोनर या रचनाकाराने १९५० नंतरच्या दशकात हीच कल्पना आणखी पुढे नेली. या गृहस्थाला अभियांत्रिकीची पदवी नव्हती. शाळा संपवून तो विमानांच्या कारखान्यात लागला, युद्धात मरीन दलात विमानांवरील शस्त्रांचे काम केले, आणि हाताने काम करता करता रचनाकार झाला. त्याची एआर-५ ही बंदूक अमेरिकी हवाई दलाने पसंत केली खरी, पण फारशी घेतली नाही. मग कंपनीने तिच्याच वळणावर एआर-७ काढली, ती सामान्य गिऱ्हाइकासाठी. आमच्या तरुण मित्राने दाखविलेले चित्र तिचेच. तिचे वजन अडीच पौंडांच्या आसपास, म्हणजे सव्वा किलोहूनही कमी. नळी ॲल्युमिनियमची, आत पोलादाचे अस्तर. दस्ता प्लास्टिकचा आणि पोकळ. नळी, कळ आणि आठ काडतुसांची पेटी हे सारे त्यात घालून मागचे टोपण लावले की उरतो तो हातभरापेक्षा कमी लांबीचा ठोकळा. तो पाण्यावर तरंगतो. एका चाप-दाबाला एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप चढते. त्याच स्टोनरच्या दुसऱ्या एका रचनेवरून पुढे अमेरिकी सैन्याची एम-१६ झाली, हे येथे जाता जाता सांगून ठेवतो.

अशी बंदूक जवळ हवी होती, असे वाटावयास लावणारा एक प्रसंग रशियातही घडला. १९६५ च्या मार्चमध्ये अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर अंतराळात तरंगला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परतताना तो आणि त्याचा सोबती पावेल बेल्यायेव्ह ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, पर्मच्या बाजूच्या अरण्यात बर्फात उतरले. दोन रात्री त्यांनी तेथे काढल्या. अस्वले आणि लांडगे यांचा तो मुलूख. पुढे सोव्हिएत अंतराळवीरांसाठी टीपी-८२ नावाचे तीन नळ्यांचे पिस्तूल निघाले. त्याच्या दस्त्याचा सुटा भाग लाकडे तोडावयाच्या सुऱ्यासारखा वापरता येई. १९८६ पासून पुढे वीस वर्षे ते यानांतून जात होते.

या दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे, ती श्रोत्यांनी ध्यानात घ्यावी. या बंदुकीचा धनी एकटा आहे. त्याच्या भोवती शंभर कोसांत माणूस नाही. त्याला शेत राखावयाचे नाही, ससा किंवा पक्षी मारून चार दिवस जगावयाचे आहे. बंदूक त्याने विकत घेतलेली नाही. त्याला कामावर पाठविणाऱ्याने ती त्याच्या आसनाखाली ठेवून दिली आहे.

आता ही बंदूक उमरखेडच्या शिवारात आणून पाहा. एआर-७ ला .२२ ची काडतुसे लागतात. इंचाच्या शंभर भागांपैकी बावीस भाग, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, ही गोळीची जाडी. वजन अडीच ग्रॅमच्या जवळपास. सशाला ती पुरते. वयात आलेले रानडुक्कर शंभर किलोंपर्यंत भरते. त्याच्या खांद्यावरची कातडी आणि चरबी एवढी जाड की, ही चिमूटभर शिसे त्याला ठार न करता चिडविण्याचे काम मात्र करील. जखमी डुक्कर अंगावर येते, हे जंगलकाठच्या पोरांनाही सांगावे लागत नाही. आणि गंमत अशी की, जी गोळी डुकराला पुरत नाही ती माणसाला पुरते. नळीला आतून पीळ दिलेला असतो. त्या पिळामुळे गोळी गरगर फिरत सरळ जाते आणि हुकली तर दीड-दोन किलोमीटरपर्यंतही जाऊ शकते. रात्री दीड किलोमीटरवर काय असते? दुसऱ्या कोणाची तूर असते, आणि तिच्यात माचाणावर दुसरा कोणी जागल्या असतो. छर्रा पसरतो आणि लवकर थकतो, म्हणूनच शेतराखणीला पूर्वापार ठासणीची किंवा बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूक चालत आली. गावाने ही निवड विचारानेच केलेली होती.

आता कायदा काय म्हणतो ते सांगणे प्राप्त आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत जो शस्त्रांचा कायदा झाला, त्याने हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनाला तीतून मोकळे ठेवले. या अपमानाची बोच पुढे पन्नास वर्षे राहिली. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातलेला होता. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती सुचविली. हे कामत आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातूनच समितीवर गेले होते. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. शस्त्र धारण करण्याच्या व्यक्तीच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर हवा, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती नामंजूर झाली. आमच्या तरुण मित्रांपैकी कित्येकांस अमेरिकेप्रमाणे आपल्यालाही बंदुकीचा हक्क आहे असे वाटते. तसा तो नाही.

सध्या चालतो तो १९५९ चा कायदा, जो १९६२ च्या ऑक्टोबरात अमलात आला. त्याने गोऱ्या-काळ्याचा भेद काढून टाकला, हे त्याचे मोठेच पुण्य. परवाना मात्र सर्वांना हवाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात (पूर्वी तीन), आणि परवाना पाच वर्षांचा मिळतो. लग्नाच्या वरातीत हर्षाने बार काढणे हाही आता गुन्हा आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम १३ वे. वीस इंचांहून आखूड नसलेल्या, आतून गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी, एवढ्यांची सोय कायद्याने तेथे सांगितली आहे. नळी आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपोआप काडतूस चढणारी बंदूक ही नियमांतल्या सर्वांत कडक वर्गात जाते. तिचा परवाना सहसा नागरिकाला मिळत नाही. परदेशी बंदूक मागविण्याची वाटही सामान्य माणसाला १९८० नंतरच्या दशकापासून जवळजवळ बंद आहे.

म्हणजे पाहा, आखूड असणे, आपोआप भरणे आणि न दिसता मावणे, हे जे तिचे तीन गुण परदेशी जाहिरातीत सांगतात, ते आपल्या कायद्याला तिन्ही खुपतात. लांब बंदूक दिसते. ती खांद्यावर घेऊन जाणारा माणूस गावाला दिसतो, पाटलाला दिसतो, शिपायाला दिसतो. कायद्याचा सारा विश्वास या दिसण्यावर आहे. आणि तुकडे करून ठेवली तर ती बंदूक राहात नाही, असा जो एक समज आम्ही ऐकला, तो तर साफ चुकीचा होय. शस्त्र या शब्दाच्या कायद्यातील व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. नळी घरात आणि दस्ता शेतात ठेवला, तर दोन्हीकडे शस्त्र सापडले असाच अर्थ होईल.

यावर आमच्या तालुक्यापुरती आणखी एक गोष्ट. पैनगंगेच्या अभयारण्यामुळे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येथे दारातच उभा आहे. त्यातील कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत नवा बंदूक परवाना त्याच अधिकाऱ्याच्या संमतीवाचून देता येत नाही. बिटरगावच्या बाजूचा नकाशा ज्याने पाहिला असेल, त्याला या दहा किलोमीटरांत किती गावे येतात ते सांगावयास नको. आणि परवाना असला म्हणून डुक्कर मारता येते असेही नाही. बंदुकीचा परवाना निराळा आणि पारधीची परवानगी निराळी. उभ्या पिकाला धोका झालेला प्राणी मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी कारणे लिहून देऊ शकतो; रानडुक्कर आणि रोही या दोहोंना ती वाट खुली आहे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग शेतकऱ्याने करावे काय, हात जोडून बसावे? हा प्रश्न आम्हांस जितका टोचतो तितका बंदुकीचा नाही. ज्याने रात्रीतून कापूस, हरभरा, केळी किंवा उसाचा तुकडा उद्ध्वस्त झालेला पाहिला नाही, त्याने या लोकांना संयमाचा उपदेश करू नये. शहरातल्या माणसाला रानडुक्कर चित्रात बरे दिसते.

परंतु या साऱ्या चर्चेत एक माणूस कोणी मोजीत नाही. रात्री शेतात जागतो कोण? लहान शेतकरी स्वतः जागतो, हे खरे. पण दहा-वीस एकरांच्या बागाइतदाराच्या उसात आणि हळदीत जागतो तो त्याचा सालदार, नाही तर जागलीपुरता लावलेला मजूर. दिवसभर निंदण-फवारणी करून तोच रात्री माचाणावर चढतो. आता बंदुकीचा परवाना हा माणसाचा असतो, शेताचा नसतो. परवाना मालकाच्या नावाचा आणि मालक उमरखेडात आपल्या घरी निजलेला, अशा स्थितीत ती बंदूक परवान्यावर नाव नसलेल्या सालदाराच्या हाती दिली, तर गुन्हा दोघांचाही होतो. आणि अशा प्रकरणात आधी कोण धरला जातो हे आम्ही तीस वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो. मालकाचे पीक वाचावे म्हणून मजुराने तुरुंगाचा धोका पत्करावा, आणि त्याबद्दल जागलीची मजुरी तीच! दस्त्यात मावणारी बंदूक आली तर हे घडणे अधिकच सोपे होईल, कारण ती पिशवीत जाते आणि कोणाला दिसत नाही.

बंदूक नाही म्हणून काही ठिकाणी दुसराच उपाय चालतो, तो तर बंदुकीहून भयंकर. कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडून ठेवतात. तार डुक्कर आणि माणूस ओळखीत नाही. पहाटे पाणी फिरवावयास गेलेला मजूर, शेजारच्या शेतातली बाई, गुरे शोधीत आलेले पोर, यांतले कोणीही तिला लागते. अशी तार सोडणे गुन्हा आहेच. पण तो गुन्हा बहुधा कळतो तो प्रेत सापडल्यावर. सौर ऊर्जेवरचे झटका कुंपण ही निराळी वस्तू. तिच्यात विजेचा झटका क्षणभराचा आणि बेताचा असतो. जनावर घाबरते, मरत नाही. घरच्या विजेची तार आणि हे यंत्र यांतला फरक प्रत्येक गावात चावडीवर समजावून सांगितला पाहिजे, असे आम्हांस वाटते. पुष्कळांस दोन्ही एकच वाटतात.

डुकराची नजर मंद, नाक मात्र तीक्ष्ण. ते कळपाने येते आणि ठरल्या वाटेने येते. जुने जागले हे जाणून होते. एका शेताने राखण केली तर कळप शेजारच्या शेतात शिरतो, म्हणून ते एकेकट्याने जागत नसत; शिवाराच्या कडेने माचाणे एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात बांधीत, एकाने हाळी दिली की दुसरा डबा वाजवी. हे काही आम्ही जुन्याच्या प्रेमाने सांगत नाही. त्या पद्धतीतही झोपमोड होती, सर्पदंश होता, थंडी होती. पण तीत माणूस एकटा नव्हता, आणि वैमानिकाची बंदूक ज्याच्यासाठी केली तो माणूस मात्र एकटाच होता. नुकसानभरपाईची सरकारी योजना आहे. पिकाचे नुकसान झाल्यावर तीन दिवसांच्या आत वन खात्याकडे अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ अर्ज तेथेच मागे पडतात, कारण पहिला दिवस रागात जातो आणि दुसरा मजूर शोधण्यात. गावातल्या एका लिहित्या मुलाने मोबाइलवर छायाचित्र काढून त्याच दिवशी अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घेतले, तरी फरक पडतो; असे आम्ही दोन गावांत पाहिले आहे.

पाडव्याच्या सुमारास सालदारांची नवी साले ठरतात. या वर्षी आम्ही काही गावांत मजुरांच्या वतीने मालकांपुढे चार गोष्टी ठेविल्या आहेत. जागल ही दिवसाच्या कामाहून वेगळी धरावी आणि तिची मजुरी वेगळी द्यावी. एका माचाणावर दोघे असावेत. बॅटरी, बूट आणि घोंगडे मालकाने द्यावे. आणि परवान्याची बंदूक असेल, तर ती परवान्यावर नाव नसलेल्या माणसाच्या हाती देऊ नये, हे सालाच्या कागदावर लिहून द्यावे. पहिल्या तीन गोष्टींना दोन गावांत मालकांनी होकार दिला. चौथीवर अजून बोलणे चालू आहे. एका मालकाचे म्हणणे असे की, कागदावर लिहिले तर बंदूक आहे हे सर्वांना कळेल.